मुखवटा हसतो, माणूस नाही : इजिप्तच्या मातीतले विनोदी नट



'इतिहासाची साधने' शिकवायची वेळ आली की आपण फळ्यावर तीन रकाने आखतो. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं उदाहरणं पाठ करतात. नाणी, भांडी, ताम्रपट, ओव्या. परीक्षेत बरोबर लिहितात आणि सुट्टी लागली की विसरतात. यंदा मी सहावीच्या वर्गात रकाने नंतर आखले. आधी एका मातीच्या मूर्तीचं रंगीत चित्र फळ्यावर चिकटवलं आणि काही न सांगता बाजूला उभी राहिले.

मूर्ती साधारण हाताच्या पंजाएवढी. एक बुटका, पोट सुटलेला माणूस चौकोनी ओट्यावर बसलाय. भुवया वर चढलेल्या, नाक चपटं आणि तोंड केवढं उघडं! अगदी लाउडस्पीकरच्या कर्ण्यासारखं. वर्गात हशा पिकला. "हा काय करतोय?" असं विचारल्यावर उत्तरं आली, "जेवणाची वाट बघतोय", "मॅच बघतोय", "जोक ऐकलाय त्यानं". मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसत नव्हता. तो म्हणाला, "बाई, तो हसत नाहीये. त्याचं तोंडच तसं केलंय."

त्याचं उत्तर बरोबर होतं. आपण पाहतोय तो माणसाचा चेहरा नाही, मुखवटा आहे. मुखवट्याआड नट आहे, आणि नट ज्याची भूमिका करतोय तो माणूस त्या ओट्यावर मजेत बसलेलाच नाही. तो का बसलाय हे शेवटी सांगते, कारण वर्गातही मी ते शेवटीच सांगितलं. आधी ही मूर्ती कुठली, कुणी केली आणि आपल्यापर्यंत कशी पोचली ते पाहू.

ग्रीक नाटक इजिप्तमध्ये कसं गेलं?

इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने इजिप्तच्या किनाऱ्यावर अलेक्झांड्रिया हे शहर वसवलं. इ.स.पू. ३२३ मध्ये तो वारला आणि त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतलं. इजिप्त टॉलेमी नावाच्या सेनापतीकडे आला. त्याच्या घराण्याने इ.स.पू. ३० पर्यंत, म्हणजे प्रसिद्ध क्लिओपात्राच्या मृत्यूपर्यंत, तिथे राज्य केलं. त्यानंतर इजिप्त रोमचा प्रांत झाला. या काळात ग्रीक सैनिक, व्यापारी, कारकून, शिक्षक मोठ्या संख्येने इजिप्तमध्ये स्थायिक झाले. माणूस परगावी गेला की आपलं खाणं, आपले देव आणि आपलं नाटक सोबत नेतो. ग्रीकांनीही तेच केलं.

ग्रीकांचा नाटकाचा देव डायोनायसस. नाटकातल्या कलावंतांना 'डायोनायससचे कलावंत' म्हणत आणि त्यांचे संघ असत. दक्षिण इजिप्तमधल्या टॉलेमाइस या शहरात अशा संघाचे शिलालेख मिळाले आहेत.

इथे आपल्या मंडळींसाठी एक गंमत सांगते. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर राजाच्या अर्थखात्याचा प्रमुख अपोलोनिओस याचं पत्र आहे. त्यात मिठाच्या करातून कुणाकुणाला सूट दिली ते लिहिलंय. अक्षरं शिकवणारे शिक्षक, व्यायाम शिकवणारे, डायोनायससची कला करणारे आणि स्पर्धांतले विजेते. बघा, शिक्षक आणि नट एकाच ओळीत! ज्यांच्यामुळे ग्रीक भाषा आणि ग्रीक वळण परदेशात टिकून राहील, ती माणसं राजाला सांभाळायची होती.

या नाटकांतलं सगळ्यांत लाडकं नाव म्हणजे मेनँडर. हा अथेन्सचा विनोदी नाटककार इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटी होऊन गेला. त्याच्या नाटकांत राजे आणि देव फारसे नसतात. तापट बाप, प्रेमात पडलेला मुलगा, बढाईखोर सैनिक, चतुर गुलाम, फुकटं जेवायला टपलेला खुशमस्कऱ्या अशी घरातली आणि गल्लीतली माणसं असतात. त्याच्या नावाने चालणारी एकेका ओळीची वचनं इजिप्तमधल्या शाळांत मुलं अक्षर गिरवायला वापरत. आपण फळ्यावर सुविचार लिहून घेतो ना, तसंच.

पुढे मेनँडरची नाटकं हरवली. कित्येक शतकं फक्त त्याचं नाव आणि इतरांनी दिलेली अवतरणं उरली. ती नाटकं परत मिळाली ती इजिप्तच्या कोरड्या वाळूमुळे. १९०५ साली कोम इश्काऊ या गावी गुस्ताव्ह लफेव्र या फ्रेंच संशोधकाला एका जुन्या घरात रांजण सापडला. त्यात सहाव्या शतकातल्या एका वकिलाची कागदपत्रं होती आणि त्यांच्यावर संरक्षणासाठी जुन्या पुस्तकाची पानं घातलेली होती. ती पानं मेनँडरच्या नाटकांची निघाली! त्याचं जवळजवळ पूर्ण असं एकच नाटक, 'डिस्कोलोस' म्हणजे 'तिरसट म्हातारा', इजिप्तमधल्याच एका हस्तलिखितातून १९५८ साली प्रसिद्ध झालं.

म्हणजे लिखित साधन मिळालं. पण नाटक म्हणजे नुसते संवाद नव्हेत. नट दिसायचा कसा? खरे मुखवटे लिननच्या कापडासारख्या हलक्या वस्तूंचे असत आणि ते काळाच्या ओघात नष्ट झाले. इथे आपल्या मदतीला येतं भौतिक साधन, ती छोटीशी मूर्ती.

साच्यातून नट कसा निघतो?

इजिप्तमध्ये कुंभाराला माती शोधायला लांब जावं लागत नव्हतं. नाईलचा गाळ होताच. भाजल्यावर तो तांबूस-तपकिरी होतो. कारागीर आधी एक मूळ नमुना घडवायचा. त्यावरून मातीचा किंवा प्लास्टरचा साचा काढायचा, बहुतेकदा दोन भागांत, पुढचा आणि मागचा. साच्यात ओल्या मातीचा पातळ थर दाबायचा, दोन्ही अर्धुकं जोडायची आणि सांधा बोटाने पुसून घ्यायचा. मूर्ती आतून पोकळ राहायची. पाठीला एक भोक ठेवायचं, नाहीतर भट्टीत आतली वाफ कोंडून मूर्ती तडकायची. भाजून झाल्यावर वर पांढरा थर आणि त्यावर गुलाबी, लाल, निळा, काळा असे रंग. आज बहुतेक मूर्तींचे रंग उडालेत. पण घड्यांमध्ये, कानामागे थोडासा पांढरा किंवा गुलाबी अंश दिसतो.

पुष्कळ मूर्तींची पाठ साधीच सोडलेली असते. का बरं? भिंतीशी किंवा कोनाड्यात ठेवायच्या वस्तूची पाठ कोण बघणार? म्हणजे पाठ पाहूनसुद्धा वस्तू कशी ठेवली जात असेल याचा अंदाज बांधता येतो.

विज्ञानाच्या तासाला जोडता येईल अशी आणखी एक गोष्ट. माती वाळताना आणि भाजताना आकसते. तयार मूर्तीवरूनच कुणी नवा साचा काढला, तर त्यातून निघणारी मूर्ती आधीपेक्षा लहान होते, आणि नाक-डोळे थोडे बुजतात. म्हणून एकाच नमुन्याच्या मूर्ती शेजारी ठेवल्या की आजी कोण, आई कोण आणि नात कोण हे मोजपट्टीने ओळखता येतं.

आपल्याकडेही तेर आणि पैठणसारख्या सातवाहनकालीन स्थळांवर अशा दुहेरी साच्यातल्या पोकळ मूर्ती मिळाल्या आहेत. तेरच्या संग्रहालयात गेलात तर मुलांना सांधा आणि भोक शोधायला सांगा. काचेसमोर दोन मिनिटं उभं न राहणारी पोरं वीस मिनिटं हलत नाहीत.

साच्यामुळे मूर्ती स्वस्त झाली. संगमरवरी पुतळा श्रीमंताचा, मातीचा नट सामान्य माणसाचा. नट, नुसते छोटे मुखवटे, देवांच्या मूर्ती, दिवे, सगळं एकाच प्रकारच्या कारखान्यातून निघायचं. अशा मातीच्या मूर्ती घरांत, देवळांच्या आवारात आणि थडग्यांतही सापडतात.

एक दुःखाची गोष्टही सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधले शेतकरी जुन्या वस्त्यांच्या ढिगाऱ्यांची माती खत म्हणून शेतात नेत. या मातीला ते 'सेबाख' म्हणत. ढिगारे उकरताना मूर्ती मिळत, त्या दलालांकडे जात आणि तिथून युरोपच्या संग्रहालयांत. त्यामुळे आज लंडन-पॅरिसच्या कपाटांतल्या कितीतरी मूर्तींच्या पाटीवर नुसतं 'इजिप्त' एवढंच लिहिता येतं. कुठल्या घरात, कशाशेजारी होती, ते कायमचं गेलं. सापडलेली वस्तू जागेवरून हलवू नये असं आपण मुलांना सांगतो, त्याचं कारण हे.

चेहऱ्यांची यादी

नाईलच्या त्रिभुज प्रदेशात नॉक्रॅटिस नावाचं जुनं ग्रीक शहर होतं. फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८४-८५ मध्ये तिथे उत्खनन केलं आणि मातीच्या मूर्तींचा मोठा साठा उजेडात आला. याच गावचा ज्युलियस पोलक्स हा विद्वान, इ.स. दुसऱ्या शतकातला. पुढे तो अथेन्समध्ये शिक्षक झाला. त्याने विषयवार शब्दांचा एक कोश केला आणि त्यात विनोदी नाटकाच्या मुखवट्यांची यादी दिली. एकूण ४४ मुखवटे. म्हाताऱ्या पुरुषांचे ९, तरुणांचे ११, गुलामांचे ७ आणि स्त्रियांचे १७. (स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत.) हा कोश आणि मातीच्या मूर्ती शेजारी ठेवून अभ्यासकांनी पुष्कळ चेहरे ओळखले.

मुखवट्यामुळे सोयी झाल्या. मोजकेच नट अनेक भूमिका करू शकत. लांबच्या पायरीवर बसलेल्यालाही कोण आलं ते कळे. एक युक्ती तर फारच छान आहे. नाटकातल्या मुख्य बापाच्या मुखवट्याची एक भुवई वर चढलेली आणि दुसरी शांत असे. बाप रागावला की नट एक बाजू प्रेक्षकांकडे करी, निवळला की दुसरी. रोमचा प्रसिद्ध शिक्षक क्विंटिलियन याने हे लिहून ठेवलंय.

पण यादी नीट वाचली की थोडं अवघडल्यासारखं होतं. पोलक्स सांगतो, खेडवळ तरुणाचा रंग काळा, ओठ पसरट, नाक चपटं. फुकट जेवणाऱ्याचे कान मार खाऊन चेपलेले. एका आचाऱ्याला टक्कल आणि तिरळे डोळे. म्हणजे नट तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकाला ठरवून दिलं होतं की हसायचं कुणाला. गोऱ्या, सरळ नाकाच्या शहरी तरुणाला नव्हे. हसायचं खेडवळाला, गुलामाला, म्हाताऱ्याला, तिरळ्याला.

इजिप्तच्या लोकांना मुखवटा नवीन नव्हता. मुलांना तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा माहीत असतोच. तो मृताला सुंदर आणि देवासारखा करण्यासाठी होता. ग्रीकांचा हा मुखवटा माणसाला उलट दिशेला नेत होता. एकाच देशातले हे दोन मुखवटे शेजारी ठेवून दाखवा. मुलं स्वतःहून बोलायला लागतात.

ओट्यावर बसलेला तो कोण?

आता त्या चित्राकडे वळू. तो ओटा म्हणजे वेदी आहे, देवापुढची. आणि तो माणूस गुलाम आहे. ग्रीक जगात वेदीचा आश्रय घेतलेल्याला ओढून काढणं पाप मानत. मालकाच्या तावडीतून वाचायला गुलाम धावत येऊन वेदीवर बसे. हे दृश्य विनोदी नाटकात इतकं ठरलेलं होतं की त्याच्या मूर्ती वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

असा प्रसंग मेनँडरच्या 'पेरिंथिया' या नाटकात आहे. ते नाटक पूर्ण मिळालं नाही. पण इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या गावच्या उकिरड्यांतून जे हजारो पपायरस निघाले, त्यांत त्याचा एक तुकडा सापडला. दाओस नावाचा गुलाम वेदीवर बसलाय. मालक लाखेस इतर गुलामांना सरपण आणायला सांगतो. कशाला? वेदीभोवती रचून पेटवायला! ओढायचं पाप नको, धुराने आणि आगीने तो आपणच उठेल. प्रेक्षक यावर हसत असत.

वर्गात हे सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. मग एका मुलीने विचारलं, "मग त्याचं तोंड हसरं का?" कारण मुखवटा बदलत नाही. गुलाम घाबरला, रडला, मार खाल्ला, तरी त्याचं तोंड तेवढंच उघडं. प्रेक्षकाला तो नेहमी गंमतीदारच दिसणार.

याची दुसरी बाजूही मुलांपुढे ठेवली पाहिजे, नाहीतर आपण एकतर्फी निकाल देऊ. याच नाटकांत गुलाम पुष्कळदा मालकापेक्षा हुशार असतो. अडलेली लग्नं तो जमवतो, मालकाला बोटावर नाचवतो. लोकांनी त्याची मूर्ती हौसेने विकत घेतली, ती त्याच्यावर प्रेम म्हणूनही असेल. पण एखाद्यावर प्रेम करणं आणि त्याचं दुःख दिसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हसू आपल्यावर

याच ऑक्सिरिंकसला आणखी एक नाटुकलं सापडलं, १९०३ साली प्रसिद्ध झालेलं. ते मुखवट्याच्या नाटकापेक्षा वेगळं, बिनमुखवट्याचं प्रहसन आहे. पण गोष्ट घडते भारताच्या किनाऱ्यावर! खारितिओन नावाची ग्रीक तरुणी तिथल्या देवळात अडकलीय. तिचा भाऊ तिला सोडवायला येतो. सोबत एक विदूषक. ते स्थानिक राजाला आणि त्याच्या माणसांना दारू पाजून झिंगवतात आणि पळ काढतात. त्यातले भारतीय जे बोलतात ते ग्रीक प्रेक्षकाला नुसतं अगडबगड वाटावं असं आहे. काही अभ्यासकांना त्यात कन्नड शब्द दिसले, पण सर्वांना पटेल असा उलगडा झालेला नाही.

मुलांना हे ऐकून आधी मजा वाटली. मग एकजण म्हणाला, "म्हणजे आपली भाषा ऐकून ते हसत होते?" हो, तसंच. ओट्यावरच्या माणसाला हसताना जे जाणवलं नव्हतं, ते इथे लगेच जाणवलं.

माझी एक चूक

हे मी मुलांना शिकवलं असं नुसतं लिहिलं तर खोटेपणा होईल. मागच्या गॅदरिंगला आम्ही एक विनोदी नाटुकलं बसवलं होतं. त्यात घरगड्याचं काम होतं. वेंधळा, गावाकडचं बोलणारा, शेटजींच्या हाताने कानफटात खाणारा. ते काम मी न विचारता एका मुलाला दिलं. का? तो तसंच बोलतो म्हणून. त्याला वेगळा अभिनय करावा लागणार नाही, असं मी स्टाफरूममध्ये म्हणालेही होते. प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या. त्यानंतर कित्येक दिवस मुलं त्याला नाटकातल्या नावानेच हाक मारत होती.

"तो हसत नाहीये बाई" असं म्हणणारा मुलगा तोच.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावलं आणि माझं चुकलं म्हणाले. तो "ठीकाय बाई" म्हणाला आणि डबा खायला पळाला. मुलं आपल्यापेक्षा लवकर पुढे जातात. मी मात्र पोलक्सची ती ४४ मुखवट्यांची यादी वाचताना माझ्याही डोक्यात अशी एक यादी आहे हे विसरू शकत नाही.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. चित्र आधी, माहिती नंतर. मूर्तीचं चित्र दाखवा आणि दोन रकाने करून घ्या : 'मला दिसतंय' आणि 'मला वाटतंय'. 'तोंड उघडं आहे' हे पहिल्या रकान्यात, 'तो हसतोय' हे दुसऱ्या. इतिहासाचा अभ्यास या दोन रकान्यांतल्या फरकापासून सुरू होतो.

२. दोन साधनांची जोडी. मूर्ती दाखवून अंदाज लिहून घ्या. मग वेदी आणि सरपणाचा प्रसंग सांगा. अंदाज कसा बदलला ते मुलांनाच लिहू द्या. भौतिक आणि लिखित साधन एकमेकांना कशी मदत करतात हे वेगळं समजवावं लागत नाही.

३. आकसणारी माती. शाडूची चकती करून त्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर पुन्हा मोजा. किती फरक पडला ते वहीत नोंदवा.

४. एकच मुखवटा, चार प्रसंग. पुठ्ठ्याचा हसरा मुखवटा करा. तो लावून आनंद, भीती, राग, रडू हे फक्त हातापायांनी आणि आवाजाने दाखवायचं. बघणाऱ्यांना कधी हसू आलं आणि का, यावर बोला.

५. पालकांसाठी. टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम मुलांबरोबर बघताना एवढंच विचारा, "आत्ता आपण कुणाला हसलो? त्याने काय केलं म्हणून, की तो कसा दिसतो, कसा बोलतो म्हणून?" भाषण देऊ नका. प्रश्न विचारा आणि कार्यक्रम पुढे बघा.

यंदाच्या गॅदरिंगलाही आम्ही विनोदी नाटुकलंच करतोय. विनोद नको असं कुणाचंच म्हणणं नाही, माझं तर नाहीच. फक्त या वेळी भूमिकांच्या चिठ्ठ्या टाकल्या. शेटजींचं काम त्या मुलाला आलंय. आवाज खणखणीत आहे त्याचा. तालमीला रोज वेळेच्या आधी येतो.